बत्तीस परगण्यांचा आवाज

आयर्लंडचे नाव महाराष्ट्राला परके नाही. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा 'होमरूल' हा शब्दच मुळी आयर्लंडच्या राजकारणातून आपल्याकडे आला होता. पार्नेलची चळवळ, तेथील शेतकऱ्यांची गाऱ्हाणी, इंग्रजांशी झालेला दीर्घ झगडा, हे सारे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने आस्थेने वाचले. परंतु त्याच पार्नेलने आश्रयदाता म्हणून ज्या एका संस्थेला आपले नाव दिले, तिची कथा आपल्याकडे फारशी कोणी सांगितली नाही. ती संस्था राजकीय नव्हती. ती खेळांची होती. आणि तिचे खेळ घराघरांत पोचविणाऱ्या आवाजांचा इतिहास आम्हां परप्रांतात नोकरी करणाऱ्यांना विशेष जवळचा वाटावा असा आहे.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी परगण्यातील थर्लेस या गावी, हेज यांच्या हॉटेलात, मूठभर माणसे जमली. मायकेल क्यूसॅक नावाचा शिक्षक आणि मॉरिस डॅव्हिन नावाचा नामांकित खेळाडू हे त्यांचे पुढारी. इंग्रजी खेळांच्या रेट्याखाली देशी खेळ नाहीसे होत चालले आहेत, त्यांना नियम व संघटना द्यावी, हा त्यांचा हेतू. त्या बैठकीतून 'गेलिक ॲथलेटिक असोसिएशन' जन्मास आली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे दोन मुख्य खेळ. दोहोंत एकेका बाजूस पंधरा गडी असतात. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांमधून गेला तर सामान्यतः एक गुण. हर्लिंग हा ॲश वृक्षाच्या लाकडाच्या, टोकाशी रुंद व चपट्या काठीने खेळावयाचा खेळ. त्याचा वेग असा, की प्रथम पाहणाऱ्यास चेंडू दिसतच नाही.

या संस्थेचे वैशिष्ट्य असे, की तिचा खेळाडू आजही खेळण्याचे वेतन घेत नाही. आठवडाभर शेतावर, शाळेत किंवा कचेरीत काम करावे आणि रविवारी आपल्या परगण्याचा अंगरखा घालून मैदानात उतरावे, अशी तेथील रीत. आयर्लंडचे परगणे बत्तीस. १९२१ च्या सुमारास देशाची फाळणी झाली आणि त्यांतले सहा ब्रिटिश सत्तेखाली राहिले. तरी या संस्थेने आपल्या नकाशावर ती रेघ कधी ओढली नाही.

१ जानेवारी १९२६ रोजी डब्लिनमध्ये 'टू-आर-एन' हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याचे उद्घाटन आयरिश भाषेचे थोर अभ्यासक डग्लस हाइड यांनी केले. हे केंद्र पोस्ट व तार खात्याच्या अखत्यारीत होते, म्हणजे आयरिश नभोवाणीचा पाळणा एका सरकारी खात्याने हलविला. आमच्या वाचकांपैकी अनेकांना ही गोष्ट वाचून स्वतःच्या फायलींकडे थोड्या अधिक प्रेमाने पाहावेसे वाटले, तर त्यात वावगे काही नाही. त्याच वर्षी, २९ ऑगस्ट रोजी, किल्केनी आणि गॉलवे यांच्यातील हर्लिंगच्या उपान्त्य सामन्याचे धावते वर्णन या केंद्रावरून प्रक्षेपित झाले. मैदानी सामन्याचे युरोपातील हे पहिले प्रत्यक्ष वर्णन, असे सामान्यतः मानले जाते. बीबीसीचे पहिले धावते वर्णन त्यानंतर, जानेवारी १९२७ मध्ये झाले. वर्णनकार होता पी. डी. मेहिगन. 'कार्बरी' या टोपणनावाने लिहिणारा हा कॉर्ककडचा गृहस्थ तरुणपणी लंडनमध्ये सरकारी नोकरीत होता आणि तेथील आयरिश मंडळींच्या संघातून खेळलाही होता. परक्या शहरात नोकरी करीत असता घरचा खेळ जतन करणारा मनुष्यच त्या खेळाचा पहिला वाणीदाता ठरला, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

इतिहासाला विनोदाचेही वावडे नसते. ज्या हाइड महाशयांनी नभोवाणीचे उद्घाटन केले, तेच पुढे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९३८ साली ते राष्ट्राध्यक्ष या नात्याने एका साध्या फुटबॉलच्या सामन्यास उपस्थित राहिले. सभासदाने 'परकीय' खेळ खेळू नये, पाहू नये, असा संस्थेचा कडक नियम असल्यामुळे तिने या वृद्ध विद्वानाचे नाव आपल्या आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकले. हा बहिष्काराचा नियम १९७१ पर्यंत टिकला. स्वत्व जपताना माणसे किती कोती होऊ शकतात, हेही या कथेचे एक अंग आहे; ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

त्याच १९३८ च्या ऑगस्टमध्ये मलिंगार येथे गॉलवे व मॉनहन यांचा फुटबॉलचा उपान्त्य सामना होता. ध्वनिक्षेपकासमोर अठरा वर्षांचा एक विद्यार्थी बसला. मायकेल ओ'हेअर त्याचे नाव. आपली परीक्षा घ्यावी, असे पत्र त्याने आपणहून नभोवाणीला लिहिले होते. त्याच्या वडिलांनी १९१४ साली विजयी ठरलेल्या क्लेअर परगण्याच्या हर्लिंग संघाला शिकविले होते, तेव्हा खेळ त्याच्या घरातच होता. पुढे जवळजवळ अर्धशतक आयर्लंडचा रविवार या एका आवाजाने भरून राहिला. खेड्यात ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याने खिडकी उघडी ठेवावी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अंगणात जमावे, असा तो काळ. मैदानावर मारामारी जुंपली, की ओ'हेअर तिला 'शेमॉझल' असा एक गमतीदार शब्द वापरून पुढे जाई. ऐकणाऱ्या आईला आपल्या मुलाचे डोके फुटल्याचे आकाशवाणीवरून कळू नये, एवढे सौजन्य त्या शब्दात होते. आज त्याला कोणी सत्यापलाप म्हणेल. पण लहान देशात बोलणाऱ्याला प्रत्येक नावामागचे घर माहीत असते, हेही विसरून चालणार नाही.

ओ'हेअरच्या आयुष्यातील, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातील, सर्वांत हृद्य प्रसंग १४ सप्टेंबर १९४७ चा. एकोणिसाव्या शतकातील भीषण दुष्काळाच्या 'काळ्या सत्तेचाळिसा'ला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्या दुष्काळाने लक्षावधी आयरिश लोकांना अमेरिकेच्या किनाऱ्यावर लोटले होते. त्याचे स्मरण म्हणून फुटबॉलचा अंतिम सामना आयर्लंडऐवजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर खेळविण्याचे ठरले. कॅव्हन आणि केरी हे दोन परगणे अटलांटिक ओलांडून गेले. नेहमीचा ओघ त्या दिवशी उलटा वाहिला. एरवी परदेशी गेलेल्यांना मायदेशाचा खेळ ऐकण्याची ओढ. त्या दिवशी खेळ परदेशी गेलेल्यांच्या दारी होता आणि मायदेश रात्री रेडिओला कान लावून बसला होता. परंतु सामना उशिरा सुरू झाला आणि तारेची ओळ न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे पाच वाजेपर्यंतच घेतलेली होती. खेळ संपण्यापूर्वीच ती तुटणार, हे ओ'हेअरच्या ध्यानी आले. वर्णन चालू असतानाच तो मधूनमधून विनवू लागला, की या ओळीवर जो कोणी असेल त्याने कृपा करून आणखी पाच मिनिटे द्यावीत. ओळ तुटली नाही. कॅव्हनने २-११ विरुद्ध २-७ असा विजय मिळविला आणि तो आयर्लंडने शेवटपर्यंत ऐकला. त्या क्षणी ओळ हाती असलेला कर्मचारी कोण होता, याची नोंद इतिहासाने ठेवली नाही. कचेरीतल्या माणसाचे मोठेपण बहुधा असेच, नियमाकडे पाच मिनिटे काणाडोळा करण्यात आणि निनावी राहण्यात असते.

यानंतर दूरचित्रवाणीचे युग आले. १९६१ साली डब्लिनच्या क्रोक पार्कवर डाउन आणि ऑफली यांचा फुटबॉलचा अंतिम सामना ९०,५५६ प्रेक्षकांनी पाहिला. डाउन हा सीमेपलीकडचा परगणा. आदल्याच वर्षी त्याने अंतिम विजयाचा चषक प्रथमच उत्तरेकडे नेला होता. ९०,५५६ हा आकडा पुढे कधीच ओलांडला गेला नाही. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला 'टेलिफीश एरन' ही दूरचित्रवाणी सुरू झाली. घरी बसून सामना दिसू लागला तर मैदानावर कोण येईल, ही संस्थेची धास्ती. म्हणून १९६२ मध्ये अंतिम सामने, फुटबॉलचे उपान्त्य सामने आणि सेंट पॅट्रिकच्या दिवशी होणारे प्रांताप्रांतांचे 'रेल्वे कप' सामने, एवढ्यांनाच परवानगी मिळाली. धास्ती अगदीच निराधार नव्हती. १९५४ मध्ये चाळीस हजारांवर गर्दी खेचणाऱ्या रेल्वे कपाला पुढे ओहोटी लागली, आणि दूरचित्रवाणी हे त्याचे एक कारण मानले जाते. उलट अंतिम सामन्यांचे तेज वाढले.

८ जुलै १९७९ रोजी 'द संडे गेम' हा कार्यक्रम सुरू झाला. पहिला निवेदक जिम कार्नी. त्याच्या आरंभीचे संगीत अस्सल आयरिश असेल अशी कोणाचीही समजूत व्हावी. पण ते आहे जेम्स लास्ट या जर्मन संगीतकाराचे. आज ती धून ऐकली की आयरिश माणसाला उन्हाळा आठवतो. रात्री दिवसभराच्या सामन्यांतील वेचक दृश्ये दाखवावीत आणि जुन्या खेळाडूंनी त्यांवर वाद घालावा, ही कार्यक्रमाची घडण. येथे वर्णनकाराहून निराळा असा निवेदक निर्माण झाला. वर्णनकार मैदानाकडे पाहतो, निवेदक माणसांकडे. १९८४ पासून २०१८ पर्यंत हे काम मायकेल लिस्टर याने केले. तो मूळचा ट्यूम येथील स्थानिक वृत्तपत्राचा बातमीदार. त्याच्या मेजावर केरीचा पॅट स्पिलेन, मीथचा कोल्म ओ'रूर्क हे शाळामास्तर आणि डेरीचा जो ब्रॉली हा वकील असे बसत. तिघेही नामांकित खेळाडू, तिघेही तिखट जिभेचे. त्यांना बोलू द्यावे, पण वाहू देऊ नये, हे लिस्टरचे कसब. २०१९ पासून ही जागा जोॲन कॅन्टवेल यांनी घेतली. शतकापूर्वी पुरुषांच्या बैठकीत जन्मलेल्या संस्थेच्या खेळांविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार आता एका स्त्रीकडे आला, आणि प्रेक्षकांना त्याची लवकरच सवय झाली.

भाषेचा धागा या कथेत प्रथमपासून आहे. १७ मार्च १९४९ रोजी मिहॉल ओ मुरहर्टी या केरीच्या तरुणाने रेल्वे कपच्या अंतिम सामन्याचे वर्णन आयरिश भाषेत केले. तेव्हा तो शिक्षकाचे प्रशिक्षण घेत होता. पुढे अनेक वर्षे शिक्षकी सांभाळून त्याने दोन्ही भाषांत वर्णने केली. २०१० मध्ये तो निवृत्त झाला आणि २०२४ मध्ये निवर्तला. चेंडू हवेत असता खेळाडूच्या घराण्याची हकीकत सांगून तो उतरण्यापूर्वी मैदानावर परत यावे, ही त्याची शैली. शॉन ओग ओ हाल्पिन या कॉर्कच्या खेळाडूविषयी त्याने सांगितले, की याचे वडील फर्मानाचे आणि आई फिजीची, आणि यांपैकी एकही ठिकाण हर्लिंगचा बालेकिल्ला नव्हे! १९९६ मध्ये सुरू झालेल्या आयरिश भाषेच्या वाहिनीने हा वारसा चालविला आणि २००१ पासून स्त्रियांच्या फुटबॉल स्पर्धेला हात दिला. २०१९ च्या स्त्रियांच्या अंतिम सामन्यास ५६,११४ प्रेक्षक आले. ज्या भाषेत वेगवान खेळाचे वर्णन करता येते ती भाषा केवळ ग्रंथात उरलेली नसते. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत बोलके केले, तेव्हा आपणही हेच अनुभवले.

आता सांप्रतच्या प्रश्नाकडे येऊ. २०१४ मध्ये संस्थेने प्रथमच काही सामने पैसे भरून पाहावयाच्या स्काय वाहिनीला दिले. चौदा सामने तर केवळ तिच्यावरच दिसणार होते. मोठा गहजब झाला. त्याच वर्षी परदेशस्थ आयरिशांसाठी इंटरनेटवरून सामने दाखविणारी 'गागो' ही सेवा सुरू झाली. २०२२ नंतर स्काय बाजूला झाली आणि २०२३ पासून हीच सशुल्क सेवा मायदेशातही काही सामने दाखवू लागली. मन्स्टर प्रांतातील हर्लिंगचे रंगतदार सामने त्यात गेल्यामुळे प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत पोचले. २०२५ मध्ये ही सेवा संपूर्णतः संस्थेच्या मालकीची होऊन नव्या नावाने चालू लागली. अंतिम सामने मात्र कायद्यानेच सर्वांना विनामूल्य खुले ठेवले आहेत.

येथे दोन न्याय्य हक्क समोरासमोर उभे राहतात. जो बॉस्टनला किंवा सिडनीला नोकरीस आहे, त्याला या सेवेने आपला परगणा परत दिला. पण जो म्हातारा गावीच राहिला, ज्याने आयुष्यभर संघाची मैदाने राखली, त्याच्यापुढे तीच सेवा बंद दारासारखी उभी राहिली. पैसा गावोगावच्या मैदानांवर खर्च होतो, असे संस्था म्हणते, आणि ते खोटे नाही. तथापि मैदानात धावणारा मोबदला घेत नसेल, तर पाहणाऱ्याकडून तो का घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडणार नाही. आपल्याकडे त्याच २०१४ मध्ये कबड्डी व्यावसायिक स्वरूपात दूरचित्रवाणीवर आली आणि खेळाडूंचे भले झाले. परंतु तेथे खेळाडूला वेतन आहे, म्हणून ती तुलना फार ताणता येत नाही.

आम्ही स्वतः दूर राहणाऱ्यांपैकी असल्याने आमचा कल त्या परदेशस्थाकडे असावा, अशी अपेक्षा कोणी करील. पण आमचे मत उलट आहे. दूर गेलेल्याला घरचा आवाज हवा असतो तो घर जागे आहे म्हणून. गावातल्या म्हाताऱ्याच्या घरीच सामना दिसेनासा झाला, तर बॉस्टनला पोचेल ते केवळ चित्र असेल. १९४७ साली न्यूयॉर्कहून मागितलेली पाच मिनिटे आयर्लंडातल्या घरी बसलेल्या माणसांसाठी होती, परदेशस्थांसाठी नव्हे. त्या माणसांचा हक्क प्रथम सांभाळावा. मग पैशाचा विचार अवश्य करावा.