सर्पगंधा : एका मुळीचा इतिहास आणि मात्रेचा धडा



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आम्हांला विज्ञान शिकविले. प्रयोगशाळेतील तराजूसमोर उभे करून ते सांगत, ‘आधी तोला, मग लिहा आणि मग बोला.’ आज मी ज्या वनस्पतीचा इतिहास आपणांपुढे मांडणार आहे, तो या एका वाक्याचाच विस्तार आहे, असे म्हटले तरी चालेल.

ती वनस्पती म्हणजे सर्पगंधा. आपल्याकडे तिला अडकई किंवा हरकी असेही म्हणतात. सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या रानात वाढणारे हे हात-दीड हात उंचीचे झुडूप. एका पेरावर बहुधा तीन-तीन पाने, तांबड्या देठांवर पांढरी फुले आणि पिकल्यावर काळसर होणारी लहान फळे. औषध असते ते मुळात, आणि हे मूळ चवीला अत्यंत कडू असते. सर्पदंशावर आणि वेडावर ते देण्याची चाल फार जुनी. बिहारात तर या मुळीला सरळ ‘पागल की दवा’ असेच नाव पडले होते.

युरोपीय वैद्यकाला या मुळीची ओळख झाली, तिचा एक धागा आपल्या गोव्यातून जातो. पणजीच्या चर्चसमोरील उद्यानाला ज्याचे नाव आहे, तो पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता 1534 साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे होते. हिंदुस्थानातील औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात ‘सापाचे लाकूड’ या नावाखाली त्याने विषावर चालणाऱ्या मुळ्यांचे वर्णन केले आहे आणि सापाशी झुंजणारे मुंगूस ही वनस्पती हुंगते-चघळते, ही लोककथाही नोंदविली आहे. त्या मुळ्यांपैकी एक सर्पगंधा असावी, असे अभ्यासक मानतात. ऑर्ता 1568 साली वारला. तो मूळचा ज्यू कुळातला. म्हणून 1580 साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र राहिला. पुढे या वनस्पतीच्या कुलाला ‘राउव्होल्फिया’ हे नाव मिळाले, ते लेओनहार्ट राउव्होल्फ या जर्मन वैद्यावरून. गंमत अशी, की त्याने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता!

मुंगसाची कथा गोड असली, तरी सर्पविषावर या मुळीचा उपयोग सिद्ध झालेला नाही. त्यावर प्रतिविषाची लस हाच आजचा खरा उपाय होय. परंतु ‘पागल की दवा’ या नावात मात्र शतकांचे निरीक्षण साठलेले होते. त्या निरीक्षणाला तराजू लागला तो 1931 साली. त्या वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलिन’ असे नाव दिले. वैद्य, डॉक्टर, हकीम आणि रसायनशास्त्रज्ञ एकाच मुळीभोवती जमले, ही आपल्या देशातील लक्षात ठेवण्याजोगी घटना आहे.

यानंतर मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांना ही मुळी देऊन, दाब मोजून, नोंदी ठेवून 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला. जगाचे लक्ष वेधले गेले ते या निबंधाने. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे केले. 1954 साली न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. 1957 साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

इथवरचा इतिहास अभिमानाचा आहे आणि बहुतेक लेख इथेच संपतात. पण पुढचे पान वाचल्याखेरीज हा इतिहास पुरा होत नाही. मज्जातंतूंच्या टोकांशी काही रासायनिक द्रव्यांचा साठा असतो. रेसर्पिन तो साठा रिकामा करते. त्यामुळेच दाब उतरतो आणि मन शांत होते. परंतु त्याच कारणाने नाक चोंदते, नाडी मंदावते, सुस्ती येते, पोटातील व्रण चिघळू शकतो आणि अंगाला कंपवातासारखा ताठरपणा येऊ शकतो. दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र औदासीन्य आल्याच्या नोंदी 1954 पासूनच होऊ लागल्या. हा संबंध कितपत दृढ, याविषयी आज मतभेद आहेत. तथापि औदासीन्याच्या रुग्णाला हे औषध देऊ नये, असाच दंडक आहे. गर्भवतीने आणि अंगावर पाजणाऱ्या मातेनेही ते टाळावे. या दुष्परिणामातूनही ज्ञान निघाले, ते असे : स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनने जखडलेल्या प्राण्यांना एल-डोपा देऊन पुन्हा हिंडते-फिरते केले. कंपवातावरील आजच्या उपचाराचा पाया तिथे पडला. त्यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक घरची गोष्ट. माझ्या आजोळी, पेडण्याला, एक वृद्ध नातलग रक्तदाबाची गोळी घेत असत. झोप लागेना म्हणून कोणीतरी त्यांना रोज रात्री सर्पगंधेचे चूर्ण चिमूटभर घेण्यास सांगितले. दोन-तीन महिन्यांत हा बोलका माणूस मुका झाला. ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसू लागला. ‘वय झाले’ असे म्हणून आम्ही सारे, डॉक्टर असून मीसुद्धा, गप्प राहिलो. अखेर गावच्या डॉक्टरांनी विचारले, ‘गोळीखेरीज आणखी काय घेता?’ तेव्हा चूर्णाची बाटली पुढे आली. ती आधी कोणी दाखविली नव्हती. कारण घरात कोणी त्याला औषध समजतच नव्हते. तो झाडपाला होता! चूर्ण बंद केल्यावर ते पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागले, कारण या द्रव्याचा परिणाम थांबविल्यावरही रेंगाळतो.

चिमूट म्हणजे किती? वाळल्या मुळात रेसर्पिन साधारणतः 0.1 टक्का असते. म्हणजे एका ग्रॅममध्ये सुमारे 1 मिलिग्रॅम. रक्तदाबासाठी त्याची दिवसाची मात्रा 0.1 ते 0.25 मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅम चूर्णात कित्येक दिवसांची मात्रा येते. शिवाय हे प्रमाण जमिनीनुसार आणि हंगामानुसार बदलते, बाजारात दुसऱ्या जातींच्या मुळ्यांची भेसळही होते. जाणता वैद्य रोगी पाहून, मुळी पारखून, मात्रा ठरवून औषध देतो. बाटलीतली चिमूट यांपैकी काहीच करीत नाही.

या यशाची किंमत रानानेही मोजली. औषध मुळात, म्हणून मूळ काढले की झाड गेले. 1950 नंतरच्या मागणीने ठिकठिकाणची झुडपे उपटली गेली. 1990 पासून या वनस्पतीचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटिस’ कराराच्या नियंत्रणाखाली आला. नवी औषधे आल्यावर रेसर्पिनही मागे पडले.

मित्रहो, पूर्वजांचे सारेच खोटे म्हणणारा आणि सारेच निर्धोक म्हणणारा, हे दोघेही तराजूला हात लावीत नाहीत. पूर्वजांच्या शब्दाचा खरा मान वकिलांनी राखला. त्यांनी तो मोजून पाहिला. आपण घरी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, ‘गोळीखेरीज आणखी काय घेता?’ आणि जे उत्तर मिळेल, ते आपल्या डॉक्टरांना व वैद्यांना अवश्य सांगा.