गंध, परिसर आणि मानवी वर्तन

गंध, परिसर आणि मानवी वर्तन यांचा परस्परसंबंध हा पर्यावरणीय मानसशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. एखाद्या ठिकाणचा वास आणि तेथील प्रकाश, ध्वनी, गर्दी, वस्तू व रूढी यांचा माणसाच्या मनःस्थितीवर, निर्णयांवर आणि वागण्यावर होणारा एकत्रित परिणाम त्यात अभ्यासला जातो. वासाला मिळणारा प्रतिसाद केवळ त्या वासावर अवलंबून नसतो. तो कोठे आला आणि त्याच्याशी कोणती आठवण किंवा समजूत जोडलेली आहे, यावरही तो ठरतो. मराठीत ‘वास’ या शब्दाला गंध आणि वस्ती असे दोन्ही अर्थ आहेत.

शारीरिक आधार

हवेतील गंधकण नाकाच्या वरच्या भागातील ग्राहींना चिकटतात. तेथून निघालेले संदेश मेंदूतील गंधकंदाकडे आणि पुढे भावना व स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे जातात. इतर संवेदनांचे संदेश आधी चेतक या केंद्रातून जातात. गंधाचे संदेश मात्र त्याला वळसा घालून थेट पोहोचतात. त्यामुळे वासाचे नाव आठवण्यापूर्वीच त्याच्याशी जोडलेली भावना जागी होऊ शकते. गंधग्राही आणि गंधसंस्थेची रचना यांवरील संशोधनासाठी रिचर्ड अ‍ॅक्सेल व लिंडा बक यांना २००४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

प्रयोग

रेचल हर्झ आणि ज्युलिया फॉन क्लेफ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वास काही वेळा चीजचा, तर काही वेळा ओकारीचा म्हणून हुंगण्यास दिला. नाव बदलताच तोच वास सुखद किंवा किळसवाणा वाटू लागला. नेदरलँड्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लिंबूवर्गीय सुगंधाचे सफाईद्रव्य लपवून ठेवलेल्या खोलीत बसलेल्यांनी बिस्किट खाताना सांडलेला चुरा अधिक वेळा उचलला. त्याच वर्षीच्या अमेरिकेतील एका अभ्यासात नाताळच्या सुगंधासोबत नाताळचेच संगीत असताना दुकानाविषयीचे मत अनुकूल झाले. संगीत विसंगत असताना तसा लाभ दिसला नाही.

कोल्हापूर परिसरातील उदाहरणे

गुऱ्हाळ : कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामात चुलवाणावरील काहिलीत रस उकळू लागला की त्याचा गोड, खमंग वास शिवारभर पसरतो. आलेल्याला रस, काकवी किंवा गरम गूळ देण्याच्या रीतीमुळे हा वास आमंत्रणासारखा ठरतो. त्याच उसापासून साखर कारखान्यात निघणाऱ्या मळीचा आंबूस, उग्र वास मात्र लोकांना नकोसा वाटतो.

तालीम : कुस्तीच्या हौद्यातील तांबड्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद इत्यादी मिसळतात. माती आणि घाम यांचा हा मिश्र वास अन्यत्र कुबट वाटू शकेल. तालमीत तो मेहनतीचा व शिस्तीचा संकेत असतो. मल्ल हौद्यात उतरताना माती कपाळाला लावतो.

अंबाबाई मंदिर : दगडी मंडपातील मंद उजेड, घंटानाद आणि कापूर, धूप व फुलांचा वास यांचा एकत्रित अनुभव येतो. पादत्राणे बाहेर काढून आलेला भाविक येथे आपोआप हात जोडतो.

रंकाळा : संध्याकाळी फिरण्याचे आणि भेळ खाण्याचे हे ठिकाण. तलावात सांडपाणी मिसळून व जलपर्णी कुजून दुर्गंधी सुटते, तेव्हा दृश्य तेच असूनही लोक तेथे रेंगाळत नाहीत.

सामाजिक बाजू

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या चपलेचे कातडे परंपरेने हिरडा व बाभळीची साल वापरून कमावले जाते. कातडे कमावण्याच्या कामाला उग्र दर्प असतो. जातिव्यवस्थेत हे काम करणाऱ्या समाजांची वस्ती गावाबाहेर ठेवली गेली आणि कामाचा वास माणसांच्या माथी मारला गेला. ज्या चामड्याच्या वासावरून हा विटाळ मानला गेला, त्याच चामड्याचा वास दुकानात ग्राहकाला अस्सलपणाची खूण वाटतो. नाक मुरडण्याची क्रिया नैसर्गिक भासली, तरी कोणाला पाहून नाक मुरडायचे हे समाज शिकवतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

सवय आणि मर्यादा

एकच वास सतत येत राहिल्यास काही मिनिटांत त्याची जाणीव मंदावते. त्यामुळे दुर्गंधीच्या परिसरात सतत राहणाऱ्याने तक्रार केली नाही, म्हणून तेथील हवा निर्दोष ठरत नाही. घरगुती गॅस जवळजवळ गंधहीन असतो. गळती चटकन कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हा वास येताच विजेची बटणे न दाबता शेगडी व सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडणे आवश्यक असते.

प्रयोगांचे निष्कर्ष सर्व समाजांना सरसकट लागू पडत नाहीत. वय, सर्दी, धूम्रपान आणि बालपणीचे अनुभव यांनुसार प्रतिसाद बदलतो. सुगंधाने वर्तन हमखास बदलते, असा विक्रेत्यांचा दावा म्हणूनच सावधपणे स्वीकारावा लागतो.