अमेरिकन घड्याळयंत्रणा

मुख्य कमानीचा जोर एकदम न सुटता ठोक्याठोक्याने सुटावा, हे काम घड्याळातली एस्केपमेंट करते. प्रचारात असलेली लिव्हर एस्केपमेंट मूळची इंग्रज कारागीर टॉमस मज याची, अठराव्या शतकातली. अमेरिकेने ती फारशी बदलली नाही. बनवली मात्र वेगळ्या रीतीने. बंदुकांच्या कारखान्यांप्रमाणे घड्याळाचेही सुटे भाग एकमेकांच्या जागी बसावेत, या कल्पनेने एरन डेनिसन व एडवर्ड हॉवर्ड यांनी १८५० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील रॉक्सबरी येथे काम सुरू केले. १८५४ मध्ये कारखाना वॉल्थमला गेला, १८५७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. पद्धत मात्र टिकली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वॉल्थमची स्वयंचलित यंत्रे पाहून स्विस पाहुणे हादरले.

खरी अफलातून कल्पना वॉटरबरीच्या स्वस्त घड्याळात दिसते. डी. ए. ए. बक याने आखलेल्या आणि १८८० च्या सुमारास कनेटिकटमध्ये बनू लागलेल्या या घड्याळात अवघे ५८ भाग होते. सुमारे नऊ फूट लांबीची कमान यंत्रणेमागे डबीभर पसरलेली असे आणि संपूर्ण यंत्रणाच तासाला एक फेरा घेई. मिनिटकाटा तिच्याबरोबरच फिरे. उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षणामुळे पडणारा फरक त्यामुळे चहूबाजूंनी वाटला जाई. याच हेतूने फ्रान्समध्ये घड्याळजी ब्रेगेने १८०१ मध्ये पेटंट घेतलेली तूरबियाँ ही फिरती रचना श्रीमंतांपुरतीच राहिली होती. वॉटरबरीचे घड्याळ चारेक डॉलरांत मिळे. एस्केपमेंट मात्र नाजूक समजली जाणारी डुप्लेक्स जातीची, तीही पत्र्यातून ठोकून काढलेली! चावी देता देता हात दुखून येई आणि त्यावर विनोदही होत.

आल्बनीच्या घड्याळजी चार्ल्स फासोल्डने एका चाकाने अडवायचे व दुसऱ्याने ढकलायचे, अशी दोन चाकांची एस्केपमेंट केली. ती त्याच्या स्वतःच्या घड्याळांपलीकडे फारशी गेली नाही.

एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतील किप्टनजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली आणि घड्याळातील चूक हे तिचे कारण मानले गेले. त्यानंतर घड्याळतज्ज्ञ वेब बॉल याच्या देखरेखीखाली रेल्वे-घड्याळांचे नियम कडक होत गेले: आठवड्याला ३० सेकंदांहून जास्त फरक नको, वेगवेगळ्या स्थितींत व तापमानांत चाल जुळवलेली हवी. इंजिनाच्या हादऱ्यांतही भरवशाचा ठरणारा डबल रोलर याच घड्याळांत रूढ झाला. साध्या रचनेत बॅलन्सला (झुलत्या चाकाला) धक्का देणे आणि लिव्हर भलत्या वेळी सरकू न देणे ही दोन्ही कामे एकाच चकतीकडे असत. डबल रोलरमध्ये दुसऱ्या कामासाठी वेगळी, लहान चकती असते. तिचा व्यास कमी असल्याने हिसक्यात लिव्हरची टोकदार पिन तिला घासली, तरी बॅलन्सला होणारा अडथळा थोडाच राहतो.

दुसऱ्या महायुद्धात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या हॅमिल्टन कंपनीने नौदलासाठी मॉडेल २१ हा क्रोनोमीटर कारखान्यातच मोठ्या प्रमाणावर काढला. त्यातील एलिनव्हार मिश्रधातूच्या हेअरस्प्रिंगवर तापमानाचा परिणाम अत्यल्प होई. पुढे हॅमिल्टनचे विजेरीवरचे घड्याळ (१९५७) आणि बुलोव्हाचे नादकाट्यावर चालणारे ॲक्युट्रॉन (१९६०) यांनी संशोधनाचा ओघ चावीच्या घड्याळाकडून दुसरीकडे वळवला. पेनसिल्व्हेनियातच, माउंट जॉय येथे, रोलंड मर्फी यांच्या आरजीएम कंपनीने २००७ मध्ये काढलेल्या कॅलिबर ८०१ मध्ये जुन्या अमेरिकन खिशातल्या घड्याळांची घडण पुन्हा दिसते.