मुरमाची वाट: आळंदच्या सीमाभागातील कच्चे रस्ते आणि सायकल

डांबर किंवा काँक्रीट न पडलेल्या, खडी-मुरमाच्या रस्त्यांवरून लांब पल्ल्याची सायकल चालवण्याला आज जगभर ‘ग्रॅव्हल’ सायकलिंग म्हटले जाते. त्याच्या शर्यतींचा इतिहास सांगताना बहुधा अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एम्पोरिया या गावापासून सुरुवात होते, कारण तेथे 2006 मध्ये अवघे 34 स्पर्धक 200 मैलांच्या, म्हणजे सुमारे 322 किलोमीटरच्या कच्च्या वाटेवर उतरले आणि पुढे तीच शर्यत या प्रकारातील सर्वांत नावाजलेली ठरली. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने 2022 मध्ये इटलीच्या व्हेनेतो प्रांतात पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवून या खेळाला अधिकृत मान्यता दिली. शर्यतीचा इतिहास म्हणून हे सारे बरोबर आहे. रस्त्याचा इतिहास मात्र त्यात येत नाही. खडीचा रस्ता कोणी, कशासाठी आणि कोणत्या काळात केला, हा प्रश्न दख्खनच्या पठारावर विचारला, तर त्याचे उत्तर क्रीडेच्या नव्हे, दुष्काळाच्या आणि संस्थानी सरहद्दींच्या कागदांत शोधावे लागते. आणि त्यासाठी कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्याइतका बोलका प्रदेश क्वचितच मिळेल.

आळंद हे कलबुर्गीच्या वायव्येस सुमारे 40 किलोमीटरवर, अमरजा नदीच्या खोऱ्यात वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. पश्चिमेला सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट आणि उत्तरेला धाराशिव जिल्ह्यातील उमरगा हे तालुके त्याला भिडतात, त्यामुळे कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा येथील बाजारात सहज ऐकू येतात. लाडले मशायख यांचा दर्गा आणि तुकोबांच्या गुरुपरंपरेत गणले जाणारे राघव चैतन्य यांची समाधी यांमुळे आळंदला दोन्ही धर्मांच्या यात्रेकरूंची रीघ पूर्वापार आहे. अमरजा पुढे गाणगापूरजवळ भीमेला मिळते आणि तो संगम दत्तभक्तांचा असल्यामुळे नदीच्या कडेने जाणाऱ्या पायवाटाही जुन्या आहेत. जमीन बहुतांशी काळी, तुरीची आणि ज्वारीची. तिच्याखाली काळा पाषाण आणि मधल्या थरात त्याच पाषाणाची झीज होऊन झालेला भुसभुशीत, तांबूस-पिवळा मुरूम. या तीन थरांवर येथील वाहतुकीचे सारे गणित अवलंबून होते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाक गिळते, पाषाण फोडल्याशिवाय उपयोगाचा नाही, आणि मुरूम तेवढा कुदळीने निघतो, पाण्याने बसतो व पाऊस ओसरला की लवकर वाळतो. म्हणून ज्या गावाला मुरमाची वाट मिळाली ते गाव बारमाही झाले आणि ज्याला मिळाली नाही ते चार महिने तुटलेले राहिले.

खडीच्या रस्त्याचे शास्त्र स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जॉन मॅकअ‍ॅडम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. ठरावीक मापाची फोडलेली खडी थराथराने पसरावी, आणि ती वाहतुकीने दाबली जाऊ द्यावी, म्हणजे खडीचे कोपरे एकमेकांत गुंतून रस्ता स्वतःच स्वतःला धरून ठेवतो, असे त्याचे म्हणणे होते. पुढे फटींत बारीक माल भरून, पाणी मारून खडी दाबण्याची रीत आली; बांधकाम खात्याच्या भाषेत तिलाच ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ म्हणतात आणि दख्खनमध्ये फटी भरण्याचे काम मुरमाने केले. या पद्धतीला यंत्र फारसे लागत नाही, माणसे मात्र अफाट लागतात, कारण दगड हातोडीने फोडावा लागतो. आणि नेमक्या याच कारणाने दुष्काळात सरकारला ती सोयीची वाटली. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळात सोलापूर, विजापूर, गुलबर्गा हा सारा पट्टा होरपळला, तेव्हा अन्नाला महाग झालेल्या शेतकऱ्यांना खडी फोडण्याच्या आणि तलाव खोदण्याच्या कामांवर लावण्यात आले. 1877 मध्ये भारत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रिटिश मुलखात दिवसाला एक पौंड धान्य आणि थोडी रोख एवढ्यावर मजुरी आणली. त्याविरुद्ध मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने सरकारकडे दाद मागितली, ही बाब रस्त्यांच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. पुढे दुष्काळसंहिता झाल्या, 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले आणि प्रत्येक वेळी खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला वाढत गेले.

हा क्रम स्वातंत्र्यानंतरही थांबला नाही. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील सार्वजनिक कामांवर मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख मजूर होते, आणि त्यांतील मोठा भाग खडी फोडणे, पाझर तलाव व रस्ते यांवर राबत होता. सीमेलगतच्या गावांतील साठी-सत्तरीच्या माणसांना सुकडी (दुष्काळी कामांवर मिळणारा कोरडा आहार), मिलो (परदेशी ज्वारी) आणि खडी हे तीन शब्द एकत्रच आठवतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या कायद्याने जे रूप आले, त्याची पायाभरणी याच कामांवर झाली. पितळी किंवा लाकडी मापाने खडीचे ढीग मोजणारा कारकून, डोक्यावर फडके गुंडाळून एका लयीत हातोडी मारणाऱ्या बाया आणि ठिकरी उडून डोळा जाण्याची कायमची धास्ती, हे चित्र ज्या रस्त्याच्या पोटात आहे त्याला आजच्या जाहिरातींतून ‘अस्पर्शित वाट’ म्हटले जाते, तेव्हा इतिहासाचा अभ्यासक थोडा अडखळणारच.

हे रस्ते कच्चेच राहण्यामागे दुष्काळाखेरीज दुसरे कारण सरहद्दीचे. 1947 पर्यंत आळंद निजामाच्या राज्यात, अक्कलकोट भोसल्यांच्या संस्थानात आणि सोलापूर ब्रिटिश मुलखात, अशी तीन राज्ये काही कोसांच्या अंतरात एकमेकांना टेकली होती. निजामी हद्दीत ‘करोडगिरी’ नावाची जकात होती, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर किमतीच्या प्रमाणात घेतला जाणारा कर. सोलापूरच्या गिरण्यांचे कापड घेऊन आळंदच्या बाजारात येणाऱ्याला नाक्यावर थांबावे लागे आणि नाणेही बदलून निजामी हाली सिक्का घ्यावा लागे. अशा सरहद्दीवर पक्का रस्ता करण्यात कोणत्याच दरबाराला घाई नव्हती, कारण मुख्य वाहतूक 1871 पर्यंत पुऱ्या झालेल्या मुंबई-मद्रास रेल्वेने सोलापूर, गुलबर्गा, रायचूर अशी खालून वळवली होती. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनी मोटारसेवा सुरू केली, तेव्हा राज्यातील मोठे रस्ते सुधारले. हद्दीकडे जाणारे फाटे मागे राहिले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात आणि उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि संस्थानांची हद्द पुसली गेली त्याच पट्ट्यात राज्यांची हद्द आखली गेली. दोन बांधकाम खाती, दोन अंदाजपत्रके आणि मध्ये कोणाच्याच प्राधान्यात न बसणारे दोन-तीन किलोमीटर, हे सीमाभागाचे दुखणे त्यातूनच निपजले. सीमावादाने येथील माणसाला भाषेच्या प्रश्नावर जितके बोलते केले तितके या तुटक रस्त्यांवर केले नाही, हे नवलच म्हणावे लागेल.

या रस्त्यांवर सायकल आली ती खेळणे म्हणून नव्हे. रॅले, बीएसए, हर्क्युलिस या विलायती सायकली आधी अंमलदार, वकील आणि सावकार यांच्या दारी दिसत. मुंबईत 1939 मध्ये हिंद सायकल्स, नंतर मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, सोनीपतला 1951 मध्ये अ‍ॅटलास आणि लुधियान्यात 1956 मध्ये हिरो असे देशी कारखाने उभे राहिल्यावर ती शिक्षक, पोस्टमन, दूधवाला आणि कापडाची गाठोडी घेऊन हिंडणारा फेरीवाला यांच्या आवाक्यात आली. हुंड्याच्या याद्यांत घड्याळ आणि रेडिओ यांच्याबरोबर सायकल लिहिली जाऊ लागली, यावरून तिचा दर्जा समजतो. ज्याला विकत घेणे परवडत नसे तो दुकानातून तासावर घेई. नाव, वेळ आणि ओळखीचा माणूस वहीत लिहिला की सायकल मिळे, आणि दांडीखालून पाय घालून ‘कैची’ मारत पोरे त्याच भाड्याच्या सायकलींवर शिकत.

या साध्या काळ्या सायकलीचे एक माप येथे मुद्दाम पाहण्याजोगे आहे. तिचे टायर 28 बाय दीड इंची, म्हणजे रुंदीला 38 ते 40 मिलिमीटर. आणि आज लाखभर रुपये मोजून घेतल्या जाणाऱ्या ग्रॅव्हल सायकलीचे टायरही बहुधा 35 ते 45 मिलिमीटरच्या घरातले असते. रिमच्या व्यासातही 635 आणि 622 मिलिमीटर एवढाच फरक. मधल्या काळात डांबरावरच्या शर्यतींसाठी सायकलस्वार 23 मिलिमीटरपर्यंत खाली उतरला आणि मग मुरमावर जाताच परत पोस्टमनच्या रुंदीला आला. अर्थात साम्य एवढ्यावरच थांबते: जुन्या सायकलीला गिअर नव्हते, ब्रेक रॉडचे, वजन वीस किलोच्या आसपास, आणि मडगार्ड व चाक यांच्यामधली जागा इतकी कमी की काळ्या मातीत पन्नास पावले जाताच चाक जाम होई. मग काडीने चिखल कोरून काढणे किंवा सायकल खांद्यावर घेणे, हे दोनच मार्ग उरत. उन्हाळ्यात बाभळीचा काटा हा शत्रू. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यातील पाण्यात फिरवून बुडबुडे पाही, जागा घासून सोल्युशन लावी आणि ठिगळ दाबी. खडीवर आपटून वाकडे झालेले चाक उलट्या सायकलीवर फिरवत, एकेक तार आवळत आणि सैल करत सरळ करणे, ज्याला तो ‘आउट काढणे’ म्हणे, ही त्याची खरी कारागिरी होती. आजच्या ट्यूबलेस टायरात आतूनच द्रव भरलेला असल्यामुळे काट्याचे भोक आपोआप बुजते, आणि रस्त्याकडेच्या या कारागिराशी होणारा संवादही त्याबरोबर संपतो.

टिकून राहण्याच्या शर्यतीची एक देशी परंपरा मात्र ग्रॅव्हलच्या कोणत्याही इतिहासात दिसत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील गावोगावी ‘अखंड सायकल’चे खेळ होत. गावाच्या मैदानात गोल रिंगण आखून एखादा फिरस्ता कलावंत काही दिवस, बहुधा सात दिवस, सायकलवरून न उतरता फिरत राही. तेथेच जेवे, अंघोळ करी, दाढी करी आणि रात्री कर्ण्यावरच्या गाण्यांच्या साथीने डुलक्या आवरत चकरा मारी. संध्याकाळी दांड्यावर आडवे होणे, दातांनी वजन उचलणे, छातीवर ट्यूबलाइट फोडणे असले प्रकार होत आणि शेवटच्या दिवशी हारतुरे व नोटांच्या माळा पडत. याला शर्यत म्हणता येत नाही, कारण प्रतिस्पर्धी कोणी नसे. पण झोप, थकवा आणि लोकांची टिंगल यांच्याशी चाललेली ती झुंज आजच्या ‘अल्ट्रा’ स्पर्धेपेक्षा कमी अवघड नव्हती, फक्त तिचा वर्ग वेगळा होता. जत्रेतील कुस्त्या आणि बैलगाड्यांबरोबर साध्या सायकलींच्या शर्यतीही लागत. विजयपूर-बागलकोटच्या पट्ट्यात त्यांना शाळा आणि क्रीडा वसतिगृहांची जोड मिळाली आणि शेतकऱ्यांच्या मुलामुलींतून राष्ट्रीय पातळीवरचे सायकलपटू निघाले. राष्ट्रीय स्पर्धांत भारतीय बनावटीच्या सायकलींचा वेगळा गट ठेवावा लागला, यामागे हाच वर्ग होता.

याउलट साहसाची परंपरा शहरी आणि लिखित आहे. मुंबईहून ऑक्टोबर 1923 मध्ये सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले आणि त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर तोडून मार्च 1928 मध्ये परतले; 1931 मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ती एकट्याने पूर्ण केली, आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये विसाव्या वर्षी सुमारे 29,000 किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. या सायकलस्वारांच्या मुलाखती आणि गप्पांत शर्यत आणि साहस हे दोन शब्द सतत एकमेकांना छेदतात. घड्याळ असले की शर्यत आणि वाट चुकण्याची मुभा असली की साहस, अशी साधारण विभागणी ते करतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत आणि 600 किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करायला लावणारी ‘ब्रेव्हे’ ही फेरी, जिच्यात वेळेची मर्यादा असते पण क्रमांक दिला जात नाही, ती या दोहोंच्या मध्ये बसते. पोस्टमनला हा पेच पडला नाही, कारण त्याला घड्याळही होते आणि वाटही चुकवायची नव्हती.

डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेमुळे मुरमाचे रस्ते झपाट्याने डांबराखाली गेले. इटलीत तस्कनीच्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर असेच संकट आले, तेव्हा 1997 मध्ये गायोले येथे जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू झाली आणि त्या रस्त्यांच्या जतनाला लोकमत मिळाले. तेच येथे करावे, असे सुचवणारा एखादा उत्साही गट पुढे-मागे निघेलच. परंतु तस्कनीचा रस्ता द्राक्षमळ्यांच्या श्रीमंतीतून जातो आणि आळंद तालुक्यातील खजुरीहून उमरग्याकडे निघालेल्या शेतकऱ्याची तूर पावसात अडते, हा फरक विसरून चालणार नाही. रस्ता डांबरी व्हावा की मुरमाचाच राहावा, हे ठरवण्याचा अधिकार त्या शेतकऱ्याचा आहे. सायकलस्वारांसाठी शिवारातल्या पाणंदी उरतातच. महाराष्ट्रात मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून आणि कर्नाटकात ‘नम्म होल, नम्म दारी’ या योजनेतून त्यांवर आजही मुरूमच टाकला जातो.