मॉरिसच्या घरचा पसारा

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आपल्या घरांतून एक ठराविक भांडण होते. आकाशकंदिलाच्या कामट्या बांधून तयार असतात, पण कागद चिकटवायचा राहिलेला असतो. किल्ल्याची माती अंगणात येऊन पडलेली असते आणि शिवाजी महाराज अजून खोक्यातच असतात. त्यातच साफसफाईसाठी माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्यातून गेल्या दहा वर्षांचा इतिहास बाहेर पडतो. एका बाहीचा स्वेटर, क्रोशाच्या टेबलक्लॉथचा जेमतेम पाऊण भाग, कुणाच्या तरी रुखवतासाठी घेतलेले आणि त्या मुलीला पहिले मूल झाले तरी न संपलेले मण्यांचे तोरण. मग घरातले शहाणे माणूस म्हणते, “आधी हातातले एक पुरे करा, मग दुसऱ्याला हात घाला.”

हा उपदेश खोटा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु अशी पाच-पाच कामे एकदम मांडून बसणाऱ्या मंडळींचा एक थोर कुलपुरुष इंग्लंडात होऊन गेला, आणि तो जर हा उपदेश ऐकता, तर गेल्या दीडशे वर्षांतल्या भिंतीवरच्या कागदांचा, पडद्यांचा आणि सुबक छापलेल्या पुस्तकांचा इतिहास निराळा झाला असता, एवढे सांगणे मला भाग आहे. त्याचे नाव विल्यम मॉरिस.

मॉरिसचा जन्म १८३४ चा. बाप पैसेवाला; त्याने तांब्याच्या एका खाणीत घेतलेल्या भागांवर मुलाला एकविसाव्या वर्षापासून सालीना सुमारे ९०० पौंड मिळू लागले. पोटापाण्याची विवंचना नाही, तेव्हा हा गृहस्थ काय काय करू लागला ते पाहावे. ऑक्सफर्डला गेला तो पाद्री व्हावे म्हणून. तिथून निघाला तो आर्किटेक्ट व्हायचे ठरवून. १८५६ मध्ये एका आर्किटेक्टकडे उमेदवारीला बसला आणि वर्षाच्या आत उठला, कारण रोझेटी या चित्रकार मित्राने सांगितले, तू चित्रे काढ. त्याने चित्रे काढली. पण पुरे झालेले म्हणून आज त्याचे एकच तैलचित्र दाखवता येते. लंडनला रेड लायन स्क्वेअरमध्ये मित्र बर्न-जोन्सबरोबर बिऱ्हाड केले, तेव्हा बाजारातले सामान पसंत पडेना. म्हणून स्वतः आराखडे काढून सुताराकडून एवढ्या अगडबंब खुर्च्या आणि बाके करवून घेतली, की माणसांना खोलीत वावरायला जागा उरेना. त्याच सुमारास भरतकामाची लहर आली. जुन्या नमुन्यावरून चौकट करवून घेतली, लोकर रंगवून घेतली आणि हा दणकट, दाढीवाला तरुण सुई-दोरा घेऊन बसला. त्या पडद्यावर झाडे आणि पक्षी आहेत आणि पुन्हा पुन्हा एक वाक्य भरले आहे. त्याचा मराठीत अर्थ होईल, ‘जमले तर’. टाके आडदांड आहेत. शिकाऊ हात लगेच ओळखू येतो.

१८५९ मध्ये त्याने जेन बर्डन हिच्याशी लग्न केले. मुलगी ऑक्सफर्डच्या एका घोडेवाल्याची, गरिबाघरची. चित्रकारांनी तिला गाठले ते तिच्या रूपासाठी. नव्या संसाराला मॉरिसने फिलिप वेब या मित्राकडून लाल विटांचे घर बांधून घेतले. ‘रेड हाउस’ ते हेच. घर उभे राहिले, पण आत काय ठेवायचे? दुकानातले काही नको असे ठरलेले. तेव्हा भिंती रंगवायच्या त्या मित्रांनी, छताची नक्षी घरच्यांनी आणि पडदे भरायचे ते जेनने.

पुढे जेनने सांगून ठेवले आहे, की टाके जवळजवळ कसे घालायचे ते तिला मॉरिसने शिकविले. त्याला तरी कुठे येत होते? दोघांनी मिळून जुन्या भरतकामाचे तुकडे आणले आणि टाके उसवून पाहिले. उसवले, की टाका कुठून निघाला, कुठे गेला ते कळते. एकदा जेनला लंडनच्या दुकानात निळीत रंगविलेले साधे लोकरी कापड मिळाले. ते पाहताच मॉरिसला इतका आनंद झाला, की त्याने तत्काळ त्यावर फुलांची नक्षी काढायला घेतली आणि त्या घरचे डेझी फुलांचे पडदे त्यातून झाले. हे काम पुरे झाले. परंतु जेवणघरासाठी बारा थोर स्त्रियांच्या आकृती भरून लावायचा बेत होता. जेन आणि तिची बहीण बेसी सुया चालवीत राहिल्या. काही आकृती झाल्या, काही अर्ध्या राहिल्या. तीन पुढे एका घडीच्या पडद्याला जोडून दुसऱ्याच्या वाड्यात गेल्या. १८६५ मध्ये मॉरिसने घरच विकले! पाच वर्षांत ते सजवून झाले नव्हते. २००३ मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे आले आणि २०१३ साली शयनगृहातल्या एका कपाटामागून त्या मित्रमंडळींनी रंगविलेले भिंतीवरचे चित्र उजेडात आले.

या घरसजावटीच्या हौसेतूनच १८६१ मध्ये मित्रांची एक कंपनी निघाली. रंगीत काचा, सामान, भिंतीचे कागद, भरतकाम, सगळे करू असे तिचे म्हणणे. कंपनीने कितीतरी वर्षे एक मोठा मजेदार माल विकला. कापडावर नक्षी उतरवून द्यायची, सोबत रेशीम द्यायचे, कधी एक कोपरा नमुन्यादाखल भरूनही द्यायचा आणि उरलेले बाईने घरी बसून पुरे करायचे. आपल्याकडे छापील नक्षीचे रुमाल आणि धाग्यांच्या लड्या मिळत, त्यातलाच हा प्रकार. अर्धवट कामे विकण्याचा धंदा इतक्या सचोटीने दुसऱ्या कुणी केला असेल असे मला वाटत नाही.

इथवर ही श्रीमंताची हौस म्हणता येईल. त्यापुढची वर्षे मात्र पाहिली, की छाती दडपते. १८६८ ते १८७० या काळात त्याचे ‘अर्थली पॅरडाइज’ हे काव्य निघाले. त्याच्या ओळीच ४२,००० च्या आसपास आहेत. त्याच वेळी आइसलँडच्या जुन्या भाषेचा अभ्यास चालू, तिथल्या कथांची भाषांतरे चालू, १८७१ मध्ये त्या देशाची तट्टांवरून यात्रा. रात्री चर्मपत्रावर मध्ययुगीन पद्धतीने सुंदर अक्षरांत पोथ्या लिहायच्या आणि समासात पाने-वेली रंगवायच्या. अशा पोथ्या किती सुरू केल्या त्या मानाने पुऱ्या झाल्या फार थोड्या. व्हर्जिलच्या महाकाव्याची पोथी १८७५ च्या सुमारास जी थांबली ती थांबलीच.

मग रंगाचे वेड. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला आणि बाजार भडक रंगांनी भरून गेला. मॉरिसला ते डोळ्यांसमोर नकोत. १८७५ पासून तो लीक गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे जाऊन मंजिष्ठा, नीळ, झाडांच्या साली यांचे प्रयोग करू लागला. कोपरापर्यंत हात निळे. हा वॉर्डल आपल्याकडचे टसर रेशीम मागवून रंगवीत असे, आणि त्या रेशमावर मॉरिसची नक्षी छापली गेली. निळीचे पिंप साधायला त्याला बरीच वर्षे लागली. ‘स्ट्रॉबेरी चोर’ हे त्याचे प्रसिद्ध छापील कापड, फळे चोरणाऱ्या पक्ष्यांचे, १८८३ चे. निळीच्या पार्श्वभूमीत तांबडा आणि पिवळा बसविण्याची किमया त्यात साधली. इथे एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या शतकात युरोपात जाणारी नीळ बहुतांशी बंगाल-बिहारातली. तिच्यापायी तिथल्या रयतेचे काय हाल झाले ते १८५९ च्या निळीच्या बंडापासून चंपारणपर्यंत आपल्याला ठाऊक आहे. हातांनी काम करणाऱ्याच्या सुखाविषयी इतके लिहिणाऱ्या मॉरिसच्या पिंपात कुणाचा घाम उतरला होता, हे त्याच्या चरित्रांतून क्वचितच वाचायला मिळते.

मुंबईशी त्याचा धागा आणखी एका बाजूने जुळतो. बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना हिची बहीण ॲलिस. तिचा नवरा लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षक म्हणून आला. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या दारांवरची दगडी शिल्पे त्याची. मुंबईत जन्मलेला त्याचा मुलगा रुडयार्ड शिक्षणासाठी विलायतेला ठेवला गेला, तो सुटीत या मावशीकडे जाई. तिथे एकदा ‘टॉप्सीकाका’ मुलांच्या लाकडी घोड्यावर बसून, मागेपुढे झुलत, आइसलँडची एक भयंकर कथा सांगू लागला. तो टॉप्सीकाका म्हणजे मॉरिस. घरात मोठी माणसे नव्हती म्हणून मुलांनाच ऐकविली, असे किपलिंग सांगतो. डोक्यात आलेले काम कुठेतरी उतरवून टाकल्याशिवाय या माणसाला चैनच पडत नसे.

१८७८ मध्ये तो हॅमरस्मिथच्या घरी राहायला आला. १८७९ मध्ये निजायच्या खोलीत त्याने माग मांडला! जुन्या फ्रेंच पुस्तकातून विणण्याची रीत वाचून काढायची आणि पहाटे उजाडले की मागावर बसायचे. मे ते सप्टेंबर या अवधीत एक भित्तिपट त्याने विणला आणि वहीत तासांचा हिशेब ठेवला. तो ५१६ तासांचा आहे. पाने मोठमोठी, म्हणून घरचे त्याला ‘कोबी आणि द्राक्षवेल’ म्हणत. खाली गाडीखान्यात गालिच्यांचे माग चालू होते ते वेगळेच.

आता, हा सगळा पसारा वाया गेला का? मॉरिसची रीत नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक कारागिरी तो आधी स्वतःच्या हातांनी शिके, चांगली बोटे पोळेपर्यंत. आणि हात बसला की ती दुसऱ्याला शिकवून मोकळा होई. भित्तिपटाचे काम त्याने डर्ल नावाच्या तरुण मुलाला शिकविले. पुढे १८८१ मध्ये मर्टन ॲबीला कारखाना निघाला तेव्हा तो मुलगा त्या कामाचा आधारस्तंभ झाला. भरतकामाचा विभाग १८८५ मध्ये धाकटी मुलगी मे हिच्याकडे आला. ती त्या वेळी तेवीस वर्षांची. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलींत कवी येट्सची बहीण लिलीही होती. तिने ते शिक्षण पुढे आयर्लंडला नेले. म्हणजे मॉरिसने अर्धे टाकलेले काम बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाऊन पुरे होत असे.

यातली कडू बाजूही सांगितली पाहिजे. हे दुसरे हात पुष्कळदा घरच्या बायकांचे होते आणि नाव एकाच माणसाचे झाले. ‘हनीसकल’ हा भिंतीचा कागद मेच्या हातचा. पण कितीतरी दिवस तो बापाच्या नावावर खपला. जेनची तब्येत सदा नाजूक. तिचे मन रोझेटीत गुंतले होते. १८७१ मध्ये मॉरिसने आणि रोझेटीने मिळून केल्म्स्कॉटचे खेड्यातले घर भाड्याने घेतले आणि मॉरिस आइसलँडला निघून गेला. थोरली मुलगी जेनी हुशार. १८७६ मध्ये तिला अपस्माराचे झटके येऊ लागले आणि ते आयुष्यभर सुटले नाहीत. या वर्षांत मॉरिसने इतकी कामे अंगावर का ओढून घेतली, याचे उत्तर कलेच्या इतिहासात शोधू नये असे मला वाटते.

दुसरे शल्य बाहेरचे होते. हातांनी केलेली सुंदर वस्तू सामान्य माणसाच्या घरात असावी म्हणून त्याने जन्म घालविला, आणि वस्तू इतक्या महाग पडल्या की त्या श्रीमंतांनीच घेतल्या. हे त्याला फार टोचले. १८८३ मध्ये तो समाजवाद्यांत सामील झाला. पन्नाशीचा, गाठीला पैसा असलेला हा कारखानदार रस्त्यांच्या नाक्यांवर उभा राहून भाषणे देऊ लागला. जमावाचा गोंगाट ऐकून घ्यायचा, रात्री घरी येऊन नक्षी काढायची. एवढ्याने भागेना म्हणून १८९१ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, छापखाना काढला. खिळ्यांची अक्षरे स्वतः आखली, कागद हातांनी करवून घेतला. चॉसरच्या समग्र काव्याचा तो ग्रंथ, बर्न-जोन्सच्या ८७ चित्रांसह, ५५६ पानांचा. कागदावर ४२५ प्रती आणि चर्मपत्रावर १३. साध्या प्रतीची किंमत वीस पौंड. ही रक्कम वाचून त्याच्या सभांना येणारे मजूर काय म्हणाले असतील ते म्हणोत!

१८९६ च्या जूनमध्ये तयार प्रत त्याच्या हातात आली तेव्हा त्याच्यात त्राण उरले नव्हते. ३ ऑक्टोबरला तो गेला, बासष्टाव्या वर्षी. एका डॉक्टरने रोगाचे निदान सांगितले, की विल्यम मॉरिस असणे हाच याचा रोग. दहा माणसांचे काम याने एकट्याने केले. प्रेत केल्म्स्कॉटला नेले ते शेतकऱ्याच्या उघड्या गाडीतून, झाडांच्या फांद्यांनी सजवून. पाऊस आणि वारा सारखा चालू होता.

केल्म्स्कॉटच्या घरी त्याचा जुना लाकडी पलंग अजून आहे. त्याचे पडदे मेने आखले आणि आपल्या मुलींच्या साहाय्याने १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत भरून पुरे केले. वरच्या पट्टीवर बापाने त्या पलंगासाठी रचलेली कविता आहे. अंथरायची चादर जेनची. पांढऱ्या कापडावर फुलांचे लहान लहान झुबके, टाके बारीक आणि सारखे. एका कडेला तिने फ्रेंचमध्ये नवऱ्याच्या त्या पहिल्या पडद्यावरचे ‘जमले तर’ भरले आहे, आणि त्याच्यापुढे स्वतःचे नाव.