सशांच्या धमन्या आणि माणसांचें गुणोत्तर

एखाद्या रोगाचें कारण हातीं लागलें असें वाटावें, आणि तें आंकड्यांत मांडूं जातां निराळाच प्रश्न उभा राहावा, असें वैद्यकाच्या इतिहासांत पुष्कळदां घडलें आहे. धमन्यांच्या भिंती जाड कां होतात, या प्रश्नाची हकीकत याच जातीची आहे.

केस पिकतात तशा धमन्याहि कठिण होतात, अशी जुनी समजूत होती. १९१० सालीं विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें रोगट महाधमन्यांत निरोगी धमन्यांपेक्षां कितीतरी पट अधिक कोलेस्टेरॉल असल्याचें दाखविलें. पुढें १९१३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें अनिच्कोव्ह व खलातोव्ह यांनीं सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलेलें शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊं घातलें. सशांच्या धमन्यांत माणसाच्या रोगासारखेच चरबीचे थर जमले. परंतु हाच प्रयोग उंदरांवर व कुत्र्यांवर साधेना. तेव्हां शाकाहारी सशावरून माणसाविषयीं अनुमान कसें काढावें, असा आक्षेप निघाला, आणि हा शोध दीर्घकाळ उपेक्षित राहिला.

१९५० सालीं कॅलिफोर्नियांतील गॉफमन यांनीं या कोड्याला नवी दिशा दिली. कोलेस्टेरॉल रक्तांत सुटें फिरत नाहीं. चरबी व प्रथिनें यांच्या कणांतून तें वाहिलें जातें, आणि त्या कणांची घनता निरनिराळी असते. १९४८ सालीं अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवीं ५,२०९ स्त्रीपुरुषांची पाहणी सुरू झाली होती. अधिक घनतेचे कण, म्हणजे एचडीएल, ज्यांच्या रक्तांत विपुल, त्यांना हृदयविकार कमी, असें तिच्यावरून १९७७ सालीं दिसून आलें. एकूण कोलेस्टेरॉलला एचडीएलनें भागण्याची रीत अशाच निरीक्षणांतून रूढ झाली. एकूण २४० असलेल्या दोघांपैकीं एकाचें एचडीएल ६० व दुसऱ्याचें ३० असेल, तर गुणोत्तर ४ व ८ येतें. दुसऱ्याला धोका अधिक.

मग छेद वाढविला कीं धोका टळेल काय? टॉरसेट्रापिब या औषधानें एचडीएल शेंकडा सत्तरांहून अधिक वाढलें, एलडीएलहि उतरलें. तरी औषध घेणाऱ्यांत मृत्यु अधिक झाल्यामुळें डिसेंबर २००६ मध्यें प्रयोग थांबवावा लागला. औषधानें रक्तदाबहि वाढत असे, म्हणून सारा दोष गुणोत्तराच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. परंतु २०१२ सालीं असेंहि आढळलें कीं, ज्यांचें एचडीएल विशिष्ट आनुवंशिक कारणानें जन्मतःच अधिक, त्यांना हृदयविकाराचे झटके कमी येत नाहींत. उलट १९९४ सालीं स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ रोग्यांवरील प्रयोगांत सिम्वास्टॅटिननें एलडीएल उतरविलें, आणि मृत्यूचा धोका शेंकडा ३० नें कमी झाला.

तात्पर्य, गुणोत्तर धोक्याची सूचना देतें. रोगाचें कारण सांगत नाहीं. १६० ला ४० नें भागा वा २८० ला ७० नें, उत्तर चारच. पण दोघांच्या धमन्यांवर पडणारा भार सारखा नाहीं. चांगलें गुणोत्तर पाहून निश्चिंत होणाऱ्यानें भागाकारापूर्वींचे आंकडेहि एकवार वाचावे.