लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान

इंग्लंडच्या वायव्य भागातील, कंब्रिया परगण्यातील सरोवरे व पर्वत यांनी व्यापलेला प्रदेश आणि त्यावर स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सु. २,३६२ चौ. किमी. उद्यानाची स्थापना ९ मे १९५१ रोजी झाली. २०१६ मध्ये त्याच्या सीमा थोड्या वाढविण्यात आल्या आणि २०१७ मध्ये युनेस्कोने ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. मराठी वाचकाला हा प्रदेश मुख्यतः विल्यम वर्ड्‌स्वर्थच्या (१७७०–१८५०) काव्यामुळे परिचित आहे. सरोवराकाठच्या सपाट वाटा, तासा-दोन तासांत चढून उतरता येतील अशा टेकड्या आणि नौकाविहार यांसाठी येथे दरवर्षी दीड कोटीहून अधिक लोक येतात. उद्यानाच्या हद्दीतील स्थायी लोकसंख्या मात्र चाळीस हजारांच्या आसपास आहे. या पायवाटांवरून कोणी चालावे, हा प्रश्न येथे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वादाचा होता आणि प्रदेशाचा अर्वाचीन इतिहास बव्हंशी त्या वादाचाच इतिहास होय.

प्रदेशाचा मध्यभाग सु. ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीजन्य खडकांचा असून उत्तरेस स्किडॉ पर्वताच्या परिसरात त्याहून जुने पाटीचे दगड आढळतात. हिमयुगातील हिमनद्यांनी दऱ्या खोल कोरल्या आणि त्यांच्या तोंडाशी हिमोढांचे बांध घातले. त्यांमागे पाणी साचून लांबट, अरुंद सरोवरे निर्माण झाली. मध्यवर्ती उंचवट्यापासून ही सरोवरे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूकडे पसरली आहेत. विंडरमिअर (लांबी सु. १७ किमी.) हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे, तर वॉस्टवॉटर (खोली सु. ७४ मी.) हे सर्वांत खोल नैसर्गिक सरोवर होय. स्कॉफेल पाइक (९७८ मी.) हे इंग्लंडचे सर्वोच्च शिखरही याच प्रदेशात आहे. पर्जन्यमान विपुल असून बॉरोडेल दरीतील सीथवेट या वस्तीवर वर्षाला ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. स्थानिक बोलीत डोंगराला ‘फेल’, डोंगरातील लहान तळ्याला ‘टार्न’ आणि ओढ्याला ‘बेक’ म्हणतात. हे शब्द दहाव्या शतकाच्या सुमारास येथे स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आले आहेत. ‘लेक’ हा शब्द ज्याच्या रूढ नावात आहे असे मोठे सरोवर येथे एकच, बॅसनथवेट. बाकीची ‘मिअर’ किंवा ‘वॉटर’ म्हणवितात.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी हा भाग सुसंस्कृत इंग्रजाला ओसाड व भीतिदायक वाटत असे. डॅनियल डीफोने १७२० नंतरच्या दशकात केलेल्या वर्णनात त्याचे ओझरते दर्शन घडते आणि तेही नापसंतीचेच आहे. पन्नास वर्षांत ही दृष्टी पालटली. कवी टॉमस ग्रे याने १७६९ मध्ये केलेल्या प्रवासाची रोजनिशी १७७५ मध्ये प्रसिद्ध झाली. टॉमस वेस्टची मार्गदर्शिका १७७८ मध्ये निघाली. वेस्टने देखावे पाहण्यासाठी ठराविक जागा नेमून दिल्या होत्या. प्रवासी तेथे जाऊन देखाव्याकडे पाठ करीत व हातातील रंगीत काचेच्या बहिर्गोल आरशात त्याचे प्रतिबिंब न्याहाळत, म्हणजे ते चित्रासारखे दिसे. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर यूरोपचा प्रवास दुरापास्त झाला आणि आल्प्सऐवजी या डोंगरांकडे येणाऱ्या धनिकांची संख्या वाढली.

वर्ड्‌स्वर्थ हा याच प्रदेशात, कॉकरमथ येथे जन्मला आणि आयुष्याचा बहुतेक काळ ग्रासमिअर व रायडल येथे राहिला. त्याने या प्रदेशाची मार्गदर्शिका लिहिली. ती प्रथम १८१० मध्ये एका चित्रसंग्रहाची निनावी प्रस्तावना म्हणून आणि १८२२ मध्ये स्वतंत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. निसर्गसौंदर्य पाहण्याची दृष्टी व ते अनुभवण्याचे हृदय ज्याच्यापाशी आहे अशा प्रत्येकाचा या प्रदेशावर हक्क असून तो राष्ट्राचा ठेवा मानला जावा, असा विचार त्याने तीत मांडला. राष्ट्रीय उद्यानाच्या कल्पनेचे बीज येथे आहे असे नेहमी म्हटले जाते आणि ते खरेही आहे. परंतु १८४४ मध्ये केंडल ते विंडरमिअर असा लोहमार्ग काढण्याचे ठरले, तेव्हा त्याच वर्ड्‌स्वर्थने एक सुनीत व वृत्तपत्रास दोन पत्रे लिहून त्यास विरोध केला. रम्य देखाव्यांची आवड सावकाश जोपासावी लागते, कारखान्यांतील कामगारांना झुंडीने आणून ओतल्याने ती उत्पन्न होणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ज्याला तो राष्ट्रीय ठेवा म्हणत होता त्याचे वारस कोण, हे ठरविण्याचा अधिकार त्याने आपल्याकडेच ठेवला होता. लोहमार्ग १८४७ मध्ये सुरू झाला. तो मात्र सरोवरापासून दीड-दोन किमी. अलीकडे बर्थवेट या वस्तीपाशीच थांबला आणि स्थानकाभोवती विंडरमिअर हे नवे गाव वसले. केझिकला १८६५ मध्ये रेल्वे पोहोचली.

पुढील संघर्ष पाण्यावरून झाला. मँचेस्टर शहराची तहान वाढत होती आणि स्वच्छ पाण्याअभावी तेथील गरीब वस्त्या रोगराईने ग्रासल्या होत्या. ग्रासमिअरच्या उत्तरेस असलेल्या थर्लमिअर सरोवराला बांध घालून ते पाणी शहराकडे न्यावे, अशी योजना नगरपालिकेने १८७७ मध्ये पुढे आणली. तिला विरोध करण्यासाठी थर्लमिअर संरक्षण संघ स्थापन झाला. कॉनिस्टनकाठी राहणारा कलासमीक्षक जॉन रस्किन व केंडलचा उद्योजक रॉबर्ट समरव्हेल हे विरोधकांत प्रमुख होते. दोन्ही बाजूंना काही न्याय्य आधार होता आणि म्हणूनच हा वाद तीव्र झाला. पार्लमेंटने १८७९ मध्ये योजनेला मंजुरी दिली. सरोवराची पातळी सु. १५ मी. वर चढविण्यात आली, काठची वस्ती पाण्याखाली गेली आणि सु. १५४ किमी. लांबीच्या जलवाहिनीतून केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर वाहत आलेले पाणी १८९४ मध्ये मँचेस्टरला मिळाले. पुढे पाणी दूषित होऊ नये म्हणून काठावर सूचिपर्णी वृक्षांची दाट लागवड झाली व लोकांना तेथे फिरकण्यास दीर्घकाळ मज्जाव राहिला. हॉझवॉटर सरोवराच्या बाबतीत हेच पुन्हा घडले. १९३० नंतरच्या दशकात तेथील मार्डेल ग्रीन हे गाव बुडाले. कडक अवर्षणाच्या वर्षी त्याच्या दगडी कुंपणभिंती अजूनही पाण्याबाहेर दिसतात.

थर्लमिअरचा लढा हरला, परंतु त्यातून संघटना कशी उभारावी हे लोक शिकले. हार्डविक रॉन्झली (१८५१–१९२०) या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने १८८३ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट संरक्षण संस्था निघाली आणि बटरमिअरजवळील पाटीच्या दगडांच्या वाहतुकीसाठी योजलेला लोहमार्ग तिच्या विरोधामुळे बारगळला. यानंतर लढ्याचे स्वरूप बदलले. तोवर संरक्षण म्हणजे बाहेरून येणाऱ्यास अडविणे असे समीकरण होते. आता प्रश्न पायवाटांच्या वहिवाटीचा झाला. केझिकच्या मागे उभी असलेली लॅट्रिग (३६८ मी.) ही स्किडॉच्या पायथ्याची सौम्य चढाची टेकडी. तिच्या माथ्यावरून डर्वेंटवॉटर सरोवराचा संपूर्ण विस्तार दृष्टीस पडतो. गावकरी व प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर जात असत. जमीनमालकाने वाटा बंद केल्या, फाटकांना कुलपे लावली. रॉन्झली व मार्गदर्शिकांचा लेखक हेन्री जेंकिन्सन यांच्या पायवाट संरक्षण संघाने १ ऑक्टोबर १८८७ रोजी मोर्चा काढला. सु. दोन हजार लोक अडथळे दूर करीत लॅट्रिगच्या माथ्यावर चढून गेले. प्रकरण कार्लाइलच्या न्यायालयात गेले व १८८८ मध्ये तडजोड झाली : माथ्यावर जाणारी एक वाट सार्वजनिक ठरली, दुसरीवरील दावा सोडून द्यावा लागला. या अर्ध्या विजयाचे महत्त्व मोठे आहे. जमीन दुसऱ्याची असली, तरी डोंगरावर पायी जाण्याचा लोकांचा हक्क असू शकतो, ही गोष्ट त्यामुळे सर्वांसमोर आली.

रॉन्झलीने ऑक्टेव्हिया हिल व रॉबर्ट हंटर यांच्या सहकार्याने १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. वादावादी करण्यापेक्षा जमीनच विकत घेऊन ती लोकांसाठी राखावी, हे तिचे सूत्र. डर्वेंटवॉटरच्या पश्चिम काठावरील ब्रँडलहाउची सु. ४४ हेक्टर वनभूमी विक्रीस निघाली, तेव्हा वर्गणीतून ६,५०० पौंड उभे करण्यात आले. त्यांत उत्तरेकडील औद्योगिक शहरांतील कामकऱ्यांच्या लहान रकमाही होत्या. ऑक्टोबर १९०२ मध्ये ती जागा लोकांना खुली झाली. बालसाहित्यकार बिॲट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) हिने आपल्या पुस्तकांच्या उत्पन्नातून येथे शेते खरेदी केली आणि मृत्युपत्राने चौदा शेते व सु. १,६०० हेक्टर जमीन ट्रस्टला दिली. हर्डविक जातीच्या काटक मेंढ्यांची पैदास चालू राहावी असा तिचा कटाक्ष होता, कारण चराईमुळेच येथील डोंगर उघडे व चालण्याजोगे राहिले आहेत हे ती जाणून होती. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सभासदांचे स्मारक म्हणून एका गिर्यारोहण मंडळाने ग्रेट गेबल व आसपासची शिखरे १९२३ मध्ये विकत घेऊन ट्रस्टच्या स्वाधीन केली. पुतळा किंवा स्तंभ न उभारता सर्वांना मोकळा डोंगरच देणे, ही स्मारकाची कल्पना विलक्षण म्हटली पाहिजे.

दरम्यान वर्ड्‌स्वर्थची भीती कितपत खरी होती याची परीक्षा झाली. लँकाशरमधील कोन या गिरणगावाचा धर्मोपदेशक टॉमस आर्थर लेनर्ड याने १८९१ मध्ये सु. तीस गिरणीकामगार तरुणांना चार दिवसांसाठी अँबलसाइडला आणले. गिरणीच्या सुटीत समुद्रकाठी जाऊन दारू व जत्रा यांत पैसे उधळण्यापेक्षा थोड्या खर्चात डोंगर चालावेत, हा त्याचा हेतू. या सहलीतून १८९३ मध्ये सहकारी सुटी संघ निघाला व १९३० मध्ये युवा वसतिगृहांची चळवळ सुरू झाली. ब्लॅकबर्नचा आल्फ्रेड वेनराइट (१९०७–९१) हा अशाच गिरणगावातील गवंड्याचा मुलगा. तो १९३० मध्ये प्रथम येथे आला आणि विंडरमिअर स्थानकाजवळच्या ऑरेस्ट हेड (सु. २४० मी.) या टेकडीवर चढला. माथ्यावरून सरोवर व पर्वतरांग एकदम दिसते. चढ अर्ध्या तासाचा. पुढे केंडलच्या नगरपालिकेत नोकरी करीत त्याने २१४ शिखरांची सचित्र मार्गदर्शिका सात खंडांत (१९५५–६६) स्वहस्ताक्षरात सिद्ध केली. कवीने ज्या वर्गाविषयी शंका बाळगली, त्याच वर्गातील माणसाने या डोंगरांचे सर्वांत बारकाईचे वर्णन केले आणि तेही बहुतेक वेळा बसने व पायी जाऊन.

जॉन डॉवरचा अहवाल (१९४५) व त्यानंतरची हॉबहाउस समिती (१९४७) यांच्या शिफारशींवरून १९४९ चा राष्ट्रीय उद्याने कायदा झाला. अमेरिकेतील उद्यानांप्रमाणे येथील जमीन शासनाच्या मालकीची झाली नाही, ती शेतकरी, नॅशनल ट्रस्ट (सु. एक पंचमांश), पाणीपुरवठा कंपनी आदींकडेच राहिली. मोकळ्या डोंगरावर पायी हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क प्रत्यक्षात यावयास आणखी अर्धशतक लागले. त्यासंबंधीचा कायदा २००० मध्ये संमत झाला. करमणूक व संरक्षण यांत विरोध आल्यास संरक्षणाला प्राधान्य द्यावे, हे सँडफर्ड समितीने १९७४ मध्ये सुचविलेले तत्त्व १९९५ मध्ये कायद्यात आले. त्याची कसोटी विंडरमिअरवर लागली : तेथे नौकांना ताशी १० सागरी मैलांची वेगमर्यादा २००५ पासून अंमलात आली आणि वेगवान नौकांचे जलक्रीडाशौकीन तेथून गेले. पायी चालणाऱ्यांची सोय हीच करमणुकीची कसोटी का मानावी, असा त्यांचा सवाल होता व तो अगदीच निराधार नव्हता.

सुलभ पदभ्रमणासाठी आज प्रसिद्ध असलेल्या वाटांपैकी बऱ्याच मानवनिर्मित परिसरात आहेत. कॉनिस्टनजवळील टार्न हाउझ भोवतीची सु. ३ किमी.ची सपाट फेरी सर्वाधिक लोकप्रिय आहे. पण ते तळे एका जमीनमालकाने एकोणिसाव्या शतकात तीन लहान तळी बांध घालून एकत्र करून बनविले. बटरमिअरच्या सु. ७ किमी. प्रदक्षिणेत एका ठिकाणी खडकात खोदलेल्या छोट्या बोगद्यातून जावे लागते. केझिकची रेल्वे १९७२ मध्ये बंद झाली व तिच्या मार्गावर थ्रेलकेल्डपर्यंत सु. ५ किमी.ची पायवाट झाली. डिसेंबर २०१५ च्या महापुरात तिचे पूल वाहून गेले. दुरुस्त होऊन ती २०२० च्या अखेरीस पुन्हा खुली झाली. प्रवाशांच्या संख्येमुळे डोंगरउतारावरील वाटांची धूप होते आणि त्या दगड बसवून बांधून काढाव्या लागतात. विंडरमिअरच्या पाण्यात सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे उन्हाळ्यात नील-हरित शैवाल माजते, ही सध्याची मोठी समस्या आहे. काही वाटा पायऱ्या व अडसर काढून चाकाच्या खुर्चीसाठीही योग्य करण्यात आल्या आहेत. त्यांपैकी एक स्किडॉच्या बाजूच्या वाहनतळापासून निघून लॅट्रिगच्या माथ्याजवळ, सरोवर दिसते त्या जागेपर्यंत जाते.